जानराव मामांची अंबाडी

जानराव मामा येणार असले की आमची आई सगळ्यात आधी अंगणातला खराटा लपवायची. सतरंजी टाकणं, चहाला साखर आहे का बघणं, बाबांना सदरा घालायला सांगणं, हे सगळं नंतर. आधी खराटा कोठीमागे, उदबत्तीचा पुडा देवघराच्या वरच्या फळीवर आणि काडेपेटी स्वतःच्या कमरेला. एवढा बंदोबस्त झाला की म्हणायची, "हं, आता येऊ दे दादाले."

कारण असं, की मामांना काडी दिसली की ती मोडल्याशिवाय राहवत नसे. तुम्ही म्हणाल, असते एकेकाला सवय. कुणी नखं खातो, कुणी मिशीला पीळ देत बसतो. पण मामांचं काम पद्धतशीर होतं. काडी दोन्ही हातांच्या चिमटीत आडवी धरायची, कानापाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि हळूहळू दाब द्यायचा. कट्ट असा आवाज झाला की डोळे उघडून दोन्ही तुकड्यांकडे बघायचे आणि हिरमुसून म्हणायचे, "हेबी तशीच निंगाली." तशीच म्हणजे कशी, ते कधी सांगितलं नाही. लगेच पुढची काडी घ्यायचे. एकदा त्यांच्या एका मुक्कामात आईचा नवा खराटा मुठीएवढा झाला आणि तिला उरलेलं अंगण वाकून वाकून झाडावं लागलं. शेजारचे म्हातारे आजोबा वारले तेव्हा मामा योगायोगानं आमच्याकडे होते. तिरडी बांधायला बसलेल्या लोकांपासून त्यांना लांब, पार विहिरीपलीकडे नेऊन बसवावं लागलं.

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. राहायचे अकोटला, एकटे. धोतर, सदरा, डोक्याला रुमाल आणि खांद्यावर एक उपरणं, तेही एवढं लांबरुंद की त्यात तान्हं मूल झोपवावं. ते उपरणं म्हणजे त्यांच्या धंद्याचं हत्यार होतं, कारण मामा गुरांच्या बाजारात दलाली करायचे. ज्यांनी असा बाजार पाहिला नसेल त्यांना सांगतो. तिथे बैलजोडीचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल मध्ये बसतो, उपरण्याखाली एका हातानं विकणाऱ्याचा पंजा धरतो, दुसऱ्यानं घेणाऱ्याचा, आणि जो तो बोटं दाबून आपला भाव सांगतो. भोवती सगळा बाजार उभा असला तरी कोण काय म्हणाला ते कुणाला कळत नाही. सौदा फिसकटला तरी कुणाची मान खाली जात नाही.

सगळी उमर अशी उपरण्याखाली गेल्यामुळे मामांचा बोलण्यावरून विश्वास उडाला होता. "बोलाचं नाई," ते म्हणायचे. "बोललं का भाव पडते." हे वाक्य ते कुठेही वापरायचे. डॉक्टरकडे गेले तरी काय दुखतं ते सांगायचे नाहीत. आई आणखी भाकर वाढू का विचारायची, तर बोटानं दाखवायचे. मी मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनी माझा हात उपरण्याखाली ओढून घेतला आणि डोळ्यांनीच विचारलं, किती टक्के. मी घाबरून जरा जास्तच दाबले. त्यांनी माझ्याकडे ओशाळवाणं वाटावं इतका वेळ पाहिलं, पण पुढे ती गोष्ट कुणालाही सांगितली नाही.

मामी कुठे आहेत, असं मी लहानपणी एकदा आईला विचारलं होतं. आईनं माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. पुन्हा विचारलं तेव्हा धपाटा मिळाला. त्यामुळे मामी देवाघरी गेल्या असाव्यात असं मी धरून चाललो होतो.

आता अक्काचं सांगितलं पाहिजे, त्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. अक्का माझी थोरली बहीण, शकुंतला. तिला अकोल्याला जठारपेठेत दिलं होतं. नवरा वसंतराव, त्यांचं सायकलींचं दुकान होतं. वसंतराव वाईट नव्हते आणि अक्काही वाईट नव्हती. फक्त दोघांना एका छपराखाली ठेवायला नको होतं. अक्काच्या मनात आलेलं तिच्या ओठांवर यायला वेळ लागत नसे. वसंतरावांना राग आला की ते जेवण सोडायचे आणि आठ-आठ दिवस तोंड उघडायचे नाहीत. अक्का बोलून बोलून थकायची, ते न बोलून थकायचे. मध्ये सासूबाई दोन्हीकडे तेल ओतायला होत्याच. शेवटी एका सकाळी अक्काची लोखंडी पेटी जठारपेठेच्या रस्त्यावर येऊन पडली. अक्कानं ती उचलली आणि सरळ अमरावतीची, आमच्या घरची वाट धरली.

इथपर्यंत भांडण दोघांचं होतं. पुढे ते मोठ्या माणसांनी हातात घेतलं आणि त्याची पार रया गेली. अक्काच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबाजींनी, अकोल्याच्या कोर्टात मुलाला दावा लावायला लावला की सून नांदायला पाठवा. नांदवायची त्यांची इच्छा मुळीच नव्हती. आमच्या बाबांनी अमरावतीच्या कोर्टात पोटगी मागितली. पोटगीची आम्हाला गरज नव्हती. दोन्ही वकिलांचा हात लिहिता होता. वसंतराव दारू पिऊन मारहाण करतात, असं आमच्या बाजूनं लिहिलं गेलं. सुपारीच्या खांडालाही कधी न शिवलेला माणूस तो. अक्का चोरटी आहे, घरातली भांडी माहेरी पोचवते, असं त्यांच्या बाजूनं आलं. अक्कानं बाबांना विचारलं, "ते पीत नाहीत. हे कोणी लिहिलं?" बाबा म्हणाले की असं लिहावंच लागतं. कोर्टात ते वाचून दाखवलं तेव्हा वसंतराव बाहेर पायऱ्यांवर डोकं धरून बसलेले मी पाहिले. मला त्यांची दया आली आणि ती आल्याचा रागही आला.

तारखेच्या दिवशी तर सगळा तमाशाच. अकोल्याला जायचं तर बडनेऱ्याला गाडी बदलावी लागे, आणि आज अमरावतीची, उद्या अकोल्याची अशा तारखा लागोपाठ आल्या की ती मंडळी परतताना त्याच फलाटावर आमच्यासोबत असत. दोन्ही घरं फलाटाच्या दोन टोकांना उभी राहायची. एकदा गर्दीत आई आणि सासूबाई एकाच बायकांच्या डब्यात सापडल्या. दोघी पाठीला पाठ लावून बसल्या आणि मूर्तिजापूरला चहावाला आला तेव्हा दोघींनी दोन खिडक्यांतून दोन वेगळे चहावाले बोलावले.

असं वर्षामागून वर्ष चाललं. अक्काला शिक्षिका व्हायचं होतं. ट्रेनिंगला जाते म्हणाली की बाबा म्हणायचे, निकाल लागू दे. मामेबहिणीच्या लग्नाला जाते म्हणाली की निकाल लागू दे. निकाल लागत नव्हता आणि अक्का सव्विशीची झाली. तिला कुणी सवाष्ण म्हणून ओटी भरायला बोलवत नसे आणि दुसरं लग्न कर असंही कुणाला म्हणता येत नसे. जी अक्का दिवसभर बोलायची ती मुकी होत चालली. आम्हाला सगळ्यांना ते दिसत होतं आणि आम्ही सगळे पुढच्या तारखेची वाट बघत होतो.

आमचे वकील तसे सरळ गृहस्थ होते. एक दिवस त्यांनी बाबांना बसवून समजावलं. घटस्फोटाचा कायदा नवा झालाय खरा, पण त्यात निदान एकानं तरी वाईट असावं लागतं आणि ते साक्षीपुराव्यानं सिद्ध व्हावं लागतं. दोघंही भली माणसं आहेत आणि दोघांनाही सुटायचंय, असं म्हणायला कायद्यात जागाच नाही. उलट दोघं एक होऊन आलात तर कोर्टाला संशय येतो. तेव्हा तुमच्या समाजात काडीमोडीची जुनी रीत आहे ना, तीच बरी. कायद्यानं तिला हात लावलेला नाही. पंचांसमोर नवरा-बायकोनं एक काडी दोन टोकांना धरायची आणि मोडायची, की दोघंही मोकळी. मागाहून मी लेख करून देतो.

उपाय सोपा होता. पण काडीमोड आधी कुणी मागायची? आपण मागितली तर लोक म्हणतील, पोरीनं नवरा टाकला. त्यांनी मागितली तर लोक म्हणतील, पोराला बायको नांदवता आली नाही. दोन्ही घरांना सुटायचं होतं आणि दोन्ही घरांची दातखीळ बसली होती. आमच्या वऱ्हाडात माणूस तोंडाचा फटकळ म्हणून बदनाम आहे. पण नको तिथे बोलायचं आणि हवं तिथे नाही, हीसुद्धा आमचीच खोड.

अशात जानराव मामा आले. आईचं मन ठिकाणावर नव्हतं, खराटा लपवायचा राहिला. मामांनी ओट्यावर बसून सगळी हकिगत ऐकली आणि ऐकता ऐकता खराट्याचा फडशा पाडला. बाबांचं सांगून झालं तेव्हा मामांनी हातातले तुकडे खाली टाकले आणि विचारलं, "पोट्टीले कोनी इचारलं का?"

आईनं बाबांकडे पाहिलं. खरोखरच तिला कुणी विचारलं नव्हतं. तिला काय विचारायचं, असं बाबा पुटपुटले. मामांनी अक्काला हाक मारली, शेजारी बसवलं आणि तिचा हात उपरण्याखाली घेतला.

"बोलू नोको, बाई," ते म्हणाले. "बोललं का भाव पडते. एक बोट दाबलं त नांदाले जातो. दोन दाबले त मोकळं होतो. तुह्या बापाले कयनार नाई."

बाबा ताडकन उठले. "माझी पोरगी काय गोऱ्हा आहे?"

"गोऱ्ह्यालेबी इचारतो आमी, भाऊजी," मामा शांतपणे म्हणाले. "दात पाह्यतो, चाल पाह्यतो. तुमी एवढंबी नाई केलं."

बाबा खाली बसले. मामांनी डोळे मिटून घेतले. बराच वेळ उपरणं हललं नाही, मग हललं. मामांनी अक्काचा हात सोडला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि उठले. अक्का स्वयंपाकघरात गेली आणि मोठ्यानं रडायला लागली. पेटी घेऊन आली त्या दिवसापासून ती एकदाही रडली नव्हती, असं आई नंतर म्हणाली. मामांनी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त अकोल्याची गाडी केव्हा आहे ते विचारलं आणि पायात वहाणा सरकवल्या.

जठारपेठेत जाऊन त्यांनी वसंतरावांचाही हात दुकानातच उपरण्याखाली घेतला, म्हणे. पंक्चर काढता काढता उठवल्यामुळे उपरण्याला सोल्यूशन लागलं ते कायमचं. मग मामांनी दोन्ही व्याह्यांना मूर्तिजापूरच्या धर्मशाळेत बोलावलं, कारण ते गाव दोघांना मधलं पडतं. एकीकडे बाबा, एकीकडे आबाजी, मध्ये मामा आणि तिघांच्या हातांवर उपरणं. पंच म्हणून आलेली चार माणसं बैल बघावा तशी त्यांची तोंडं बघत होती. दोघांच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. एवढ्यात मामा कळवळून म्हणाले, "हयू भाऊजी. दोनच दाबाचे आहेत. माहा पंजा मोडते." बाबा लाजून लाल झाले. आबाजींना इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसू आलं आणि त्यांनी ते मिशीत दाबलं.

"सौदा झाला," मामांनी जाहीर केलं. आधी कुणी दाबलं, हे त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही. दोन्ही घरं आजही मानतात की समोरच्यानं आधी दाबलं.

काडीमोड ठरली दिवाळीनंतर, त्याच धर्मशाळेत. काडी आणायचं काम अर्थातच मामांवर सोपवलं. या कामाला त्यांच्याइतका माणूस साऱ्या वऱ्हाडात मिळाला नसता.

त्या दिवशी धर्मशाळेच्या ओसरीवर दोन्हीकडची माणसं बसली. अक्का आईच्या मागे, वसंतराव आबाजींच्या मागे. पंचांनी दोघांना पुढे बोलावलं, रीतीप्रमाणे विचारलं, दोघांनीही हो म्हटलं. मामांनी उपरण्यातून काडी काढून दोघांच्या हातांत एकेक टोक दिलं. दोघांनी तोंडं फिरवूनच ती धरली आणि दाब दिला. काडी वाकली. आणखी दाब दिला, आणखी वाकली. दोन्ही टोकं एकमेकांना लागली तरी काडी मोडेना.

ती अंबाडी होती. शेतातून सकाळीच उपटलेली, ओली, हिरवी. जिच्या सालीचे दोर वळून त्यांनी बैल बांधतात, ती. वऱ्हाडातलं लहान पोरही सांगेल की ओली अंबाडी मोडत नसते.

आबाजी भडकले. "जलम गुरांच्या बाजारात गेला तुमचा, जानराव. अंबाडी ओयखू येत नाई?"

"डोये गेले बापा आता," मामा म्हणाले. कुणीतरी दुसरी काडी आणायला उठलं, तर मामांनी हात आडवा केला. एकदा दोघांनी धरलेली काडी बदलायची नाही, अशी रीत आहे. अशी रीत कुणीच ऐकलेली नव्हती, पण ती आपल्याला ठाऊक नाही असं चारचौघांत कबूल कोण करणार? पंचांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. मामा म्हणाले, मोडत नसली तर पिळा.

आता दोघांना एकमेकांकडे तोंड करणं भाग पडलं. वसंतराव एकीकडून पिळायला लागले, अक्का दुसरीकडून. काडीतून पाणी सुटलं, साल सरकायला लागली, पण तुटायचं नाव नाही. अक्काच्या बोटाला साल कापली.

"सावकाश," वसंतराव म्हणाले. "तुमच्या हाताले लागन."

नांदत असताना ते तिला कधी तुम्ही म्हणाले नव्हते. अक्का म्हणाली, "तुमी घट्ट धरा. मी फिरवते." त्यांनी घट्ट धरलं. तिनं फिरवली. थोड्या वेळानं ती खालच्या आवाजात म्हणाली, "दारूचं मी सांगतलं नव्हतं. वकिलानं लिहिलं."

वसंतरावांचे हात थांबले. "मले वाटलं तुमीच सांगतलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "भांड्यांचं मीबी नाई. पन पेटी मीच फेकली होती. मायनं नाई."

"मले माहीत आहे," अक्का म्हणाली.

पंच पुढे सरकून ऐकत होते. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला होता. दोघांनी मिळून पुन्हा पीळ दिला, चिवट सालीचे दोरे एक एक करून सुटले आणि अंबाडी तुटली. साऱ्या संसारात दोघांनी मिळून नीट केलेलं हे एकच काम असेल. अक्काच्या हातात एक तुकडा, त्यांच्या हातात एक. दोघांच्याही कपाळावर घाम होता आणि दोघंही, खोटं सांगत नाही, हसत होती.

त्यानंतर जे हलकं वाटलं ते मला अजून आठवतं. पंगत बसली, वांग्याची भाजी आणि भाकरी झाली. आई आणि सासूबाई वाढायला उठल्या आणि एकाच टोपलीतून वाढू लागल्या. परतीच्या गाडीत अक्का खिडकीशी बसून इतकं बोलली, इतकं बोलली, की बाबांनी शेवटी कानांवर हात ठेवले. पण त्यांनी तिला थांबवलं नाही.

मामांची अकोल्याकडची गाडी आमच्या नंतर होती. आम्ही फलाटावर उभे असताना मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, की मामा, खरं सांगा, ओली अंबाडी तुम्हाला ओळखू आली नाही? मला वाटलं ते हात पुढे करायला सांगतील आणि बोटं दाबतील. पण ते बोलले.

"माही काडीमोड झाली तवा तुराटीची कोरडी वायली काडी होती," ते म्हणाले. "मी धरली, तिनं धरली. हात लावला न लावला त कट्ट. लोक उठले, निंगाले. मले बोलाचं होतं काही."

"काय बोलायचं होतं?"

"थे आता आठोत नाई," मामा म्हणाले. "पन बोलाचं होतं. वाटलं, बोललं का भाव पडते. तवापासून पाह्यतो, कोनती काडी लवकर मोडत नाई."

मामी जिवंत होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांचं दुसरं घर झालं होतं, चांदूर रेल्वेला. मुलंबाळं होती, चांगलं चाललं होतं. हे सगळं मामांनी एका दमात सांगितलं आणि आमची गाडी आली.

पुढे अक्का ट्रेनिंग झाली, शिक्षिका झाली. शाळेतल्याच एका मास्तरांशी तिचं लग्न झालं. वसंतरावांनीही दुसरा संसार थाटला. नोकरीला लागल्यावर मी सायकल घ्यायला त्यांच्याच दुकानात गेलो, तेव्हा चेनला तेल देत त्यांनी मला विचारलं, शकुंतलाबाई बऱ्या आहेत ना? बऱ्या आहेत म्हटलं. बरं वाटलं, म्हणाले, आणि घंटी बदलून चांगली बसवून दिली.

अक्काची बदली झाली ती नेमकी चांदूर रेल्वेला. तेव्हापासून, एरवी आमच्याकडे येण्यापलीकडे फारसं अकोट न सोडणारे जानराव मामा उठसूट एसटी आणि रेल्वे करत चांदूरला यायला लागले. कधी संत्री घेऊन, कधी अंबाडीची भाजी घेऊन. अंबाडीची भाजी जणू चांदूरला मिळतच नव्हती. येऊन अक्काच्या ओट्यावर, बोळाकडे तोंड करून बसायचे. मागच्या बोळातली एक वयस्कर बाई रोज घागर घेऊन अक्काच्या विहिरीवर यायची. ती फाटकातून आत आली की मामांच्या हातातल्या काड्या भराभर मोडायला लागायच्या. अक्कानं आईकडून काढून घेतलं, ती कोण ते. तिचं नाव यमुनाबाई. सगळी मुलं कामाला लागलेली, घरधनी म्हातारा, दमेकरी. मनात आलेलं लगेच बोलून टाकणारी अक्का, पण या वेळी ती कुणापाशी चकार शब्द बोलली नाही.

एका दिवाळीला मी अक्काकडे होतो. मामाही आलेले. अक्कानं घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढल्या होत्या आणि उजव्या मनगटाला फडकं बांधलं होतं, मुरगळलं म्हणे. यमुनाबाई पाण्याला आल्या. अक्कानं त्यांना हाक मारून ओल्या गोधडीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, मावशी, एवढी पिळून द्या, माझा हात चालत नाही. मी उठलो, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बस." मग ओट्याकडे वळून म्हणाली, "मामा, या बरं."

मामा उठले. हातातली काडी त्यांनी खिशात ठेवली. गोधडीचं दुसरं टोक धरलं आणि खाली बघतच पिळायला लागले. गोधडी नुसती गोल गोल फिरत राहिली. तिच्यातून पाण्याचा थेंबही पडेना. असं बरंच झालं. मग यमुनाबाई थांबल्या.

"उलटं पिळून राहिले तुमी," त्या म्हणाल्या.

मामांनी वर पाहिलं. "हाव का?" म्हणाले. त्यांनी हात पालटले, दुसऱ्या बाजूनं पीळ दिला, आणि पाणी धो धो सुटलं. सगळ्या गोधड्या दोघांनी पिळल्या. यमुनाबाईंनी घागर उचलली, जाताना अक्काला म्हणाल्या, हाताले हळद लाव, आणि गेल्या. अक्कानं फडकं सोडलं आणि त्याच हातानं भरलेली बादली उचलली.

संध्याकाळी मी आणि मामा एकाच गाडीनं निघालो. बडनेऱ्याच्या अलीकडे मामांनी खिशातली काडेपेटी काढली. बिडी पेटवली, काडी विझवली आणि तशीच, न मोडता, खिडकीबाहेर टाकली. मग माझ्याकडे वळले.

"खरंच उलटं पिळत होतो का मी?"

"हो मामा," मी म्हटलं. "दोघंही एकाच बाजूनं फिरवत होता."

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. पाण्यानं बोटं अजून सुरकुतलेली होती.

"मंग हे तवाच सांगाले पायजे होतं तिनं," मामा म्हणाले. "मी पिळलं असतं ना दुसऱ्या बाजूनं."